दार लावा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फुलांना वाफ देणं.

फुलं म्हणजे बॅडमिंटनची, पिसांची. आता सगळे शटल म्हणतात, पण शैला शेवटपर्यंत फूलच म्हणायची. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ती पिसं कडक होतात आणि दोन फटक्यांत मोडून पडतात. म्हणून दिवेलागणीला ती गॅसवर किटली चढवायची. मी हाताला ओला नॅपकिन गुंडाळून फुलांचं नळकांडं किटलीच्या तोंडावर धरायचो. ती बाजूला उभी राहायची, कमरेवर एक हात ठेवून, आणि बरोबर वेळेला "बस" म्हणायची. तिच्या त्या "बस"ला घड्याळ लागत नव्हतं. ती नाकानं ओळखायची. भिजलेल्या कोंबडीसारखा वास सुटला की बस.

"धरून राहिले का झोपून राहिले?" ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"धरून राहिलो न. हात भाजून राहिला माहा."

"कूलरवाल्याचा हात कायचा भाजते! दिवसभर तं हवा खाता."

"मी नाही खात. लोकाले खाऊ घालतो."

"बस!"

मला वाटलं मलाच गप्प करते. पण ते नळकांड्याला होतं. आम्ही दोघंही हसलो. मग नळकांडी ओट्यावर ओळीनं उभी केली, वरून ओलं फडकं टाकलं. सकाळी ती हॉलवर घेऊन जाणार होती.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मी ऐकून घेतलं. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं, तोवर फडकं वाळून पापडासारखं कडक झालं होतं. नळकांडी मी उचलून कपाटावर ठेवली. फेकवली नाहीत.

आता परत ते दिवस आलेत. होळी झाली की नागपुरात माणसं गच्चीकडं पाहायला लागतात. ताडपत्रीखाली वर्षभर पडलेले कूलर दोघं-तिघं मिळून जिन्यावरून खाली आणतात, भिंतीला खरचटे पाडतात, बायका ओरडतात. टाकीत वाळलेली पाल निघते, जाळीत चिमणीचं घरटं निघतं. मग मला फोन येतो. काका, पंप फिरून नाही राहिला. काका, ताट्या बदलून द्या. मी वाळ्याच्या ताट्या डोक्यावर घेऊन जायचो, आता स्कूटरवर बांधून नेतो. पहिलं पाणी वाळ्यावर पडलं की जो वास उठतो, त्यासाठी मी जन्मभर हे काम केलं असं म्हणायला हरकत नाही. लोक उन्हाला शिव्या देतात, मी कधी दिल्या नाहीत. दुपारी सदर भागातल्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडायची, आणि त्याच वेळेला मी कोणाच्या तरी खिडकीबाहेर लाकडी घोडीवर चढून पाना फिरवत असायचो. आतून बाई म्हणायची, आली हो आली, हवा आली. त्या आवाजानं माझं पोट भरायचं.

आणि शैलाचाही हंगाम हाच. शाळा सुटल्या की तिचं शिबिर सुरू व्हायचं. एका घरात दोन हंगाम, तेही एकाच महिन्यात. ती अंधारात निघायची, मी उजाडता. ती दुपारी हॉलवर, मी दुपारी लोकांच्या खिडकीवर. अख्ख्या उन्हाळ्यात आमची गाठ पडायची ती किटलीपाशी. म्हणून मी तिचा हॉल पावसाळ्यात पाहिला, थंडीत पाहिला, बक्षीस वाटायला पाहुणे आले तेव्हा पाहिला. उन्हाळ्यात मी त्या हॉलच्या आत कधी पाय ठेवला नाही. हे लक्षात ठेवा. याच्यावरच पुढचं सगळं आहे.

संध्याकाळी ती यायची तेव्हा पाण्यातून काढल्यासारखी. निळ्या टी-शर्टवर पाठीला मिठाचे पांढरे डाग, नकाशासारखे. मी ते शर्ट दोरीवर टाकायचो आणि हॉलच्या कमिटीला शिव्या घालायचो. एवढा मोठा हॉल, एक कूलर नाही, एक पंखा नाही. मी म्हणायचो, "मी बोलू का त्या सचिवाले? माहे कूलरचे दोन जुने डबे पडले आहेत, लावून देतो."

ती म्हणायची, "राहू द्या न. तुमच्या हवेशी माझं भांडण नाही, पण तिले घरीच ठेवा."

मी समजायचो, नवऱ्याचे उपकार नको म्हणून बोलते. तशी ती मानी होती.

मानी असायला तिला कारण होतं. तिचा बाप त्याच हॉलचा चौकीदार. मेंबर लोक खेळून गेले की बाप झाडू मारायचा, आणि पोरगी तुटकी फुलं वेचून भिंतीवर मारत बसायची. बाप आतून दार लावून घ्यायचा, चौकीदाराची पोट्टी मेंबरांच्या हॉलवर खेळते हे कोणाला दिसू नये म्हणून. भिंत कधी चुकत नाही, कधी थकत नाही. अशा जोडीदाराशी खेळून खेळून ती राज्याची चॅम्पियन झाली, तीही एकदाच नाही. मी हॉलशेजारच्या ऑफिसच्या खोलीत कूलर लावायला गेलो होतो तेव्हा तिच्या बापानं मला पाहिलं. पोरगा पीत नाही, हातात काम आहे. जमलं. मी पाचवी, ती मॅट्रिक. पेपरात तिचा फोटो यायचा तेव्हा खालचं मी बोट ठेवून वाचायचो आणि ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "झालं का वाचून? का उद्याचा पेपर येईन तोवर?"

गुडघा गेला तेव्हा तिनं खेळ सोडला आणि शिकवायला लागली. चौकीदाराची पोरगी शिकवते म्हणून मेंबरांची पोरं आधी येईनात. ती मोहल्ल्यातली पोरं घेऊन बसली. ती पोरं मेंबरांच्या पोरांना हरवायला लागली, मग सगळे आले. शेवटी शेवटी तर मिहानातल्या कंपन्यांत नोकरी करणारे आईबाप गाडीच्या काचा वर करून पोरं सोडायला यायचे. तिचं बोलणं तिखट. कोणी हरून रडत आलं तर म्हणायची, "रड न, काहून नाही रडत? पण आधी पाणी पी. पाणी पिऊन रड."

ती गेल्यावर एकदा मी मौद्याला गेलो होतो, नात्यातल्या एकाच्या घरचा कूलर पाहायला. वाटेत शाळेच्या एका मोठ्या खोलीत जाळी बांधलेली दिसली. विशीतला एक पोरगा लहान्यांना शिकवत होता. एक हात कमरेवर. समोर एक पोट्टी मुसमुसत उभी. आणि हा म्हणतो, "पाणी पिऊन रड."  मी खिडकीतून विचारलं, "कोणाकडं शिकला गा तू?" म्हणे, शलाका ताईकडं. शलाका ही शैलाची सगळ्यात जुनी चेली, आधी बरीच वर्षं मौद्यालाच शिकवायची, आता शैलामागं तीच नागपूरचं शिबिर चालवते. पोरानं शैलाला कधी पाहिलंच नव्हतं. शैलाला न पाहिलेला माणूस शैलासारखा उभा होता. आणि मी, तिच्यासंग जन्म काढलेला, खिडकीबाहेर पाना-पेचकस घेऊन. त्या दिवशी मला अभिमान वाटला. लाज वाटायची अजून बाकी होती.

लाजेची सुरुवात मात्र आधीच, घाटावरच झाली होती. तिला अग्नी दिला तेव्हा हॉलचे सचिव साहेब माझ्याजवळ आले. म्हातारा माणूस, पांढरा शर्ट, डोळे लाल. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "दोन कूलर लावले असते तं बाई जगली असती, साहेब." त्यांनी हात जोडले आणि मागं सरकले. मला वाटलं, पाप लागलंय म्हणून गप्प आहे.

तेराव्याला शोकसभा हॉलमध्येच ठेवली. नवतपा चालू होता, मे संपतानाचे ते सगळ्यात जहाल नऊ दिवस. तेव्हा मी पहिल्यांदा उन्हाळ्यात त्या हॉलच्या आत बसलो. दारं बंद, वरच्या काचा बंद, आतमध्ये भट्टी. लोक पत्रिकेनं, रुमालानं वारा घेत होते. एकेक चेला उठून तिची नक्कल करायचा. कोणी आता चंद्रपूरला शिकवतो, कोणी वर्ध्याला, एक तर विमानानं आली होती. प्रत्येकजण सांगता सांगता मान वर करून ओरडायचा, "दार लावा!" आणि अख्खा हॉल रडता रडता हसायचा. शैला म्हणे दिवसातून शंभरदा हे ओरडायची. कोणी आत आलं की, कोणी बाहेर गेलं की. दार लावा. मीही हसलो. मला वाटलं, बापाची सवय लेकीत उतरली. कोणी पाहू नये म्हणून.

मग मला म्हणाले, काका, दोन शब्द. मला बोलता येत नाही. मी उठलो, तिच्या फोटोकडं पाहिलं, आणि तोंडातून निघालं, "मी या हॉलले कूलर लावून देतो. शैलाच्या नावानं. पोट्ट्यायचा जीव नाही गेला पाहिजे."

टाळ्या पडल्या. आईबापांनी जास्त वाजवल्या. सचिव साहेबांनी शलाकाकडं पाहिलं, शलाकानं खाली पाहिलं. मी मनात म्हटलं, आता शरम वाटून राहिली यांना.

पाऊस गेला, थंडी गेली, मी कूलर बनवत होतो. चार. बाजारचे नाही, स्वतःच्या हातचे. जाड पत्रा, टाकीला आतून डांबर, गवताच्या नाही तर खऱ्या वाळ्याच्या ताट्या. रात्री झोप येत नव्हती तर दिवस त्यांच्यात घातला. घरात ती नाही, पण अंगणात पत्रा ठोकायचा आवाज आहे, एवढा आधार पुरत होता. शलाका एकदा डबा घेऊन आली. पत्र्याकडं पाहत उभी राहिली.

"काका, राहू द्या न. हॉलमध्ये खरंच गरज नाही."

"गरज नाही, गरज नाही म्हणता म्हणता एक बाई गेली, बाई."

तिनं डबा ठेवला आणि गेली. 

होळीनंतर मी हॉलच्या वरच्या काचा काढल्या, भिंतीत लोखंडी घोड्या ठोकल्या, चारही कूलर चढवले. सचिव साहेबांनी नारळ फोडला. बटन दाबलं आणि हवा अशी आली की शैलाच्या फोटोचा हार भिंतीवरून उचलला गेला. पोट्टे टेबलावर चढून कूलरच्या तोंडाशी उभे राहून "आऽऽ" करत होते, आवाज थरथरतो म्हणून. मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसले. वाळ्याचा वास पूर्ण हॉलभर. मनात म्हटलं, घे शैला. आता भिजून नको येऊ.

पुढं मी दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारायचो. कधीही जा, चारही कूलर चालू. पोट्टे दोरीवरच्या उड्या मारत असायचे, नाही तर भिंतीला पाय लावून वाकत असायचे. शलाका म्हणायची, "मस्त हवा येते काका." मी छाती काढून घरी यायचो. पण कूलरवाल्याला एक गोष्ट दिसल्याशिवाय राहत नाही. टाकीतलं पाणी उतरत नव्हतं. एप्रिलच्या उन्हात दिवसभर चाललेला कूलर पाणी पितो, बैलासारखा पितो. आणि माझ्या ताट्या खालून कोरड्या. मला वाटलं, पंप कमजोर पडले. म्हणून एक नवा पंप पिशवीत टाकला आणि निघालो.

त्या दिवशी सदरमध्ये स्कूटर पंक्चर झाली. गाडी दुकानात टाकली आणि पायी गेलो, म्हणून पुढच्या फाटकाऐवजी मागच्या बोळातून आलो. हॉलच्या मागं कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत दम घ्यायला थांबलो आणि भिंतीतून आवाज ऐकू आला. टप्. टप्. टप्. रॅकेटचा. मी उभाच राहिलो. कूलर लावल्यापासून मी इथं इतक्यांदा आलो, पण हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. आणि कूलरचा आवाज नव्हता.

भिंतीच्या कडेकडेनं पुढं आलो. पायरीवर एक पोट्टी बसली होती, पूर्वा नावाची, दात पडलेली. माझ्याकडं पाठ, तोंड रस्त्याकडं, रॅकेट मांडीवर.

"काय पाहून राहिली वं?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "कूलरवाले आजोबा येतात का ते."

"आले तं?"

"तर ओरडायचं. आज माझी पाळी आहे. मग ताई कूलर लावते, आम्ही दोऱ्या घेतो."

"काहून?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांची मॅडम वारली ना."

"मंग कूलर लावून काहून नाही खेळत तुमी?"

"अहो, हवेत फूल पळतं ना! इकडे मारलं की तिकडे जातं. एवढं पण माहीत नाही?" आणि मग ती वळली.

 तिनं एकदम किंकाळी फोडली, "आऽऽले!"

आतमध्ये धावाधाव झाली. मी दारात पोचलो तेव्हा पाहिलं, माझ्या चारही कूलरच्या तोंडात व्यायामाच्या गाद्या कोंबून जाळीच्या दोरीनं बांधल्या होत्या. कोणीतरी बटन दाबलं, गाद्या फुगल्या, एक सुटून खाली धपकन पडली, धूळ उडाली, टेबलावरची फुलं उधळली. लाल तोंडाची, घामानं निथळणारी पोरं हातात दोऱ्या घेऊन उड्या मारायला लागली. कोणी दोरी उलटीच फिरवत होता. एक फूल हवेनं लोळत लोळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं. मी ते उचललं.

शलाकाच्या चेहऱ्याकडं मला पाहवलं नाही. मी म्हणालो, "पंप पाहाले आलतो."

"हो काका."

"बरा चालून राहिला."

"हो काका. मस्त."

पाहा. सगळं उघडं पडलं होतं आणि मी तरी नाटक केलं. लहान लहान पोट्टे माझ्यासाठी नाटक करत होते, त्यांना एका शब्दात मोकळं करता आलं असतं, ते मला जमलं नाही. फूल टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडलो.

शलाका कडुनिंबापर्यंत मागं आली. रडत होती. मी म्हटलं, "पाणी पिऊन रड." ती आणखी रडली.

मग तिनं सांगितलं. आईबापांनी आधीही कूलर मागितले होते. सचिव साहेब शैलाला म्हणाले होते, तुमचे मिस्टर हेच काम करतात, त्यांनाच सांगा. शैला म्हणाली, या हॉलमध्ये हवेची झुळूक आली तर मी शिकवणं सोडीन. लहान हाताला हवेत खेळायची सवय लागली की तो हात कायमचा बिघडतो. आणि चेल्यांना, सचिवांना, सगळ्यांना ताकीद दिली, हे आमच्या घरी कळलं नाही पाहिजे.

"काहून पण?" मी विचारलं. "मी काय तिले मारलं असतं?"

"मॅडम म्हणायच्या, त्यांचा धंदा हवेचा आहे. त्यांच्या तोंडावर हवेला वाईट म्हणायचं नाही."

मी तिथून पायीच घरी आलो. स्कूटर सदरमध्येच राहिली.

त्या संध्याकाळी मी घरचा कूलर लावला नाही. गरमीत बसून राहिलो. खेळ कळला नाही याची लाज नाही वाटली. पाचवी शिकलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, त्याची मला सवय आहे. लाज दुसरीच होती. मी समजत होतो, दिवसभर उन्हात राबून मी तिला सांभाळतो. आणि ती घामानं भिजून घरी यायची, मी तिच्यापुढं कमिटीला शिव्या द्यायचो, आणि ती गप्प राहून मला सांभाळत होती. माझ्या हाताच्या कामाला तिनं जन्मभर कमी लेखू दिलं नाही, स्वतः नाही, दुसऱ्यालाही नाही. मरताना हे काम ती चेल्यांवर टाकून गेली. आणि ते ओझं उतरत उतरत आलं कोणावर? दात पडलेल्या एका पोट्टीवर. खेळ सोडून ती पायरीवर पाळी देत बसली, एका म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून.

आणि ते घाटावरचं. त्या म्हाताऱ्या माणसाला खरं माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर माझं तोंड बंद झालं असतं. त्यानं, ज्याची बायको समोर जळतेय त्या माणसापुढं हात जोडले आणि शिवी खाऊन घेतली. ते आठवलं की अजून कान गरम होतात. लिहितानाही झाले.

मी कपाटाकडं पाहिलं. नळकांडी वर्षभराच्या धुळीत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत मी किटली चढवली. नळकांडी पुसली, दोन्ही झाकणं काढली. एक फूल काढून पाहिलं तर पिसं काडीसारखी. हाताला ओला नॅपकिन गुंडाळला आणि धरलं. बस म्हणायला कोणी नव्हतं. मी नाक पुढं करून उभा राहिलो. बराच वेळ नुसती वाफ. मग तो वास आला, भिजलेल्या कोंबडीचा. मी मोठ्यानं म्हटलं, "बस."

मग सचिव साहेबांना फोन लावला. "साहेब, हॉलवर शिडी धराले येता का?"

ते रात्रीच्या पायजम्यावरच आले. मी वर चढून बोल्ट सोडत होतो, ते खाली दोन्ही हातांनी शिडी धरून.

"साहेब, घाटावर मी जे बोललो—"

"शिडी हलून राहिली," ते म्हणाले. "खाली नका पाहू."

चारही कूलर उतरले. पण भिंतीत भोकं राहिली. काचा मी काढून टाकल्या होत्या. तेव्हा मी त्या कूलरच्याच टाक्या कापल्या. जाड पत्रा, आतून डांबर लावलेला, पावसाचा थेंब आत जाणार नाही असा. मापानं तुकडे केले, चारही भोकांवर ठोकले, कडेनं कापडाच्या पट्ट्या दाबल्या. काडी पेटवून धरली. ज्योत हलली नाही. हॉलमध्ये उन्हाचा एक कवडसा नाही, हवेचा कण नाही. घाम पाठीवरून धारेनं उतरायला लागला, आणि मला ते निळे शर्ट आठवले.

पोट्टे यायला लागले होते. वर पाहायचे, माझ्याकडं पाहायचे, आत जायचे. पूर्वा तर पाहतच नव्हती, बापड्या पोरीला वाटलं तिनं काही पाप केलं. मी म्हटलं, "तुही पाळी संपली वं. जाय, खेळ."

शलाका आली. मी पिशवीतून नळकांडी काढून टेबलावर ठेवली. तिनं ओळखली. एक फूल काढलं, बोटानं पीस वाकवून पाहिलं. मोडलं नाही. मग ती पार मागच्या रेषेवर जाऊन उभी राहिली, खालून हात आणून फूल उंच मारलं. अख्खा हॉल वर पाहत होता. फूल छताखाली क्षणभर थांबलं, उलटलं, आणि समोरच्या रेषेच्या अलीकडं टपकन उतरलं. इकडं नाही, तिकडं नाही. शैलाच्या किटलीच्या शेवटच्या फुलांतलं होतं ते, आणि माझ्या पहिल्या फुलांतलं.

मी दारात उभा होतो, हातात रिकामी पिशवी. आता जावं म्हणून मागं वळलो. दार उघडलं तसा बाहेरचा गरम झोत माझ्या पाठीमागून आत शिरला.

शलाकानं दुसरं फूल हातात घेतलं होतं. तिनं वळूनही पाहिलं नाही. कमरेवर एक हात ठेवून, मान वर करून ती ओरडली, "दार लावा!"

वर्षभरात मला कोणी ओरडलं नव्हतं.

मी आत आलो आणि दार लावलं.